लसीचं कार्ड: आठवण की पास?

माझा भाचा यंदा एमएसला अमेरिकेला चाललाय आणि व्हिसा, लोन, बॅगा या सगळ्यापेक्षा जास्त दंगा घरात एका कागदावरून झाला. युनिव्हर्सिटीचा फॉर्म आला, एमएमआरचे दोन डोस कधी घेतले त्या तारखा भरा आणि डॉक्टरची सही-शिक्का घ्या. एमएमआर म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हीची मिळून एक लस. आता पोरगा बावीस वर्षांचा, त्याला काय आठवणार, ताईने अख्खं कपाट उपसलं आणि शेवटी रेशनकार्डाच्या पिशवीत, कुकरच्या वॉरंटी कार्डाला चिकटलेलं त्याचं लहानपणीचं डोसचं कार्ड सापडलं. घडीवर फाटलेलं, तीन वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेलं, आणि एका ठिकाणी शिक्क्याचा नुसता जांभळा डाग राहिलेला.

त्यात एमएमआरचा एकच डोस. लगेच सोसायटीतल्या एका काकांनी सल्ला दिला, "अगं त्यात काय एवढं, खालच्या ओळीत एक तारीख टाकून दे, पेन तेवढं जुनं घे, कोण बघतंय तिथे!" आणि खरं सांगायचं तर कोणी बघितलंही नसतं. त्या कार्डावर असं काहीच नव्हतं ज्याने काकांची आयडिया अडली असती, ना नंबर, ना होलोग्राम, ना वॉटरमार्क.

मग असायला हवं होतं का? नोटेवर असतं तसं काहीतरी लसीच्या कार्डावर पण टाकायला काय हरकत आहे? प्रश्न साधा वाटतो पण उत्तर साधं नाहीये, कारण आपण "लसीचं कार्ड" म्हणतो तेव्हा दोन वेगळ्याच गोष्टींना एका नावाने हाक मारत असतो. एक कार्ड असतं आठवणीसाठी आणि दुसरं असतं दारावर दाखवायला, म्हणजे पास. आठवणीच्या कार्डाला सिक्युरिटी लावणं म्हणजे दूधवाल्याच्या हिशोबाच्या वहीला सील ठोकण्यासारखं आहे. पासला मात्र काहीतरी लागतंच. सगळा घोळ होतो तो एकाचं दुसरं केलं की.

आधी आठवणीचं कार्ड बघू. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला नाव नोंदवलं की एमसीपी कार्ड मिळतं, माता बाल संरक्षण कार्ड, त्यात आईच्या तपासण्या, बाळाचं वजन आणि सगळ्या लसींच्या तारखा. या कार्डाची एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते, याचा एक तुकडा फाडून नर्सताई स्वतःकडे ठेवतात. तो तुकडा जातो टिकलर बॅगमध्ये, म्हणजे कापडी पिशवी, तिला वर्षाच्या बारा महिन्यांचे बारा कप्पे. बाळाचा पुढचा डोस ज्या महिन्यात, त्या कप्प्यात तुकडा. महिना उलटला आणि तुकडा अजून त्याच कप्प्यात बसलाय म्हणजे ते बाळ आलंच नाही, मग आशाताई घरी जाऊन विचारणार. ना कॉम्प्युटर, ना लाईट, नुसती एक पिशवी. मला तर ही पिशवी भल्याभल्या ॲपपेक्षा हुशार वाटते, असो.

पण यात कोण कोणाला फसवणार? आईने बाळाच्या कार्डावर खोटी तारीख टाकून तिला मिळणार काय, नुकसान तिच्याच बाळाचं. म्हणून या कार्डाला सिक्युरिटी नको, उलट ते स्वस्त हवं, टिकाऊ हवं, कोणत्याही पेनाने लिहिता यायला हवं आणि हरवलं तर पाच मिनिटांत दुसरं मिळायला हवं. होलोग्रामवालं कार्ड केलं तर काय होईल विचार करा. कोरी कार्डं कुलपात ठेवावी लागतील, प्रत्येकाचा नंबर रजिस्टरला, खराब झालेल्याचा पण हिशोब, आणि डोंगरातल्या एखाद्या पाड्यावर कार्डांचा गठ्ठा संपला की नर्सताई म्हणणार, लस आहे पण कार्ड नाही, पुढच्या आठवड्यात या. ते बाळ पुढच्या आठवड्यात येईलच असं नाही.

कार्ड घरात असण्याचा फायदा किती असतो ते सर्व्हेवाल्यांना विचारा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरी येणारी बाई आईला आधी कार्ड दाखवायला सांगते, नसेल तर मग तोंडी विचारते. २०१९-२१च्या फेरीत देशभरात १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी सगळ्या मूलभूत लसी पूर्ण झालेली ७६.४ टक्के निघाली, आणि ज्यांचं कार्ड बघता आलं तेवढ्यांपुरतं पाहिलं तर ८३.८ टक्के. म्हणजे कार्ड जपणाऱ्या घरांत डोसही जास्त पूर्ण होतात आणि नोंदही पक्की मिळते. कार्ड म्हणजे घराची आठवण, आणि आठवणीला कुलूप लावून चालत नाही.

आता पास. लस घेतली याचा पुरावा मागायची पद्धत जुनी आहे, आणि पूर्वी तो पुरावा कागदावर नव्हता, अंगावर होता. माझ्या आजीच्या दंडावर देवीच्या लसीचा रुपयाएवढा वण होता, देवी काढल्या की तो उमटायचाच आणि जन्मभर राहायचा. हरवत नाही, फाटत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, याच्यापेक्षा भारी सिक्युरिटी फीचर कोणतं! तरी माणसांनी त्यातूनही वाट काढली, अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लस नको असलेले काही लोक ॲसिडने दंडावर खोटा वण करून घ्यायचे. पल्स पोलिओचं पण तसंच, डोस पाजला की बाळाच्या डाव्या करंगळीच्या नखाला मार्करची शाई. मोहिमेपुरती तेवढी शाई पुरेशी असते. पण पाकिस्तानात, जिथे अजून पोलिओ आहे, तिथे आईबाप आणि डोस पाजणारे यांच्या संगनमताने नुसती शाई लावायची आणि थेंब ओतून टाकायचे असे प्रकार सापडलेत. शाई शंभर टक्के खरी, डोस शून्य. हे लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

सगळ्यात मोठी गडबड झाली ती अमेरिकेत कोविडच्या वेळी. २०२०च्या डिसेंबरात तिथे लस सुरू झाली तेव्हा सुया, सिरिंज, स्पिरिटचे बोळे ज्या किटमध्ये यायचे त्याच किटमध्ये पांढऱ्या जाड कागदाची कोरी कार्डं पण यायची. साधारण ४ बाय ३ इंच, पाकिटात धड मावायचं नाही असं, वर सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा लोगो, खाली नाव, जन्मतारीख, लसीची कंपनी, लॉट नंबर, तारीख, सगळं हाताने लिहायचं. काम एकच, दुसरा डोस कधी आणि कोणत्या कंपनीचा ते लक्षात राहावं. म्हणजे आपलं एमसीपी कार्डच, फक्त मोठ्यांसाठी.

मग २०२१च्या उन्हाळ्यात हवा बदलली. नोकरीवर यायचंय, कार्ड दाखवा. कॉलेजला यायचंय, कार्ड दाखवा. न्यूयॉर्क शहरात ऑगस्टपासून हॉटेलात आत बसून जेवायला, जिमला, सिनेमाला कार्ड. कार्डाचा फोटो पण चालायचा, आणि शहराचं एक ॲप होतं ते तर तुम्ही टाकाल तो फोटो नुसता साठवून ठेवायचं, तो कार्डाचा आहे की मिकी माउसचा हे सुद्धा न बघता. काल आठवणीसाठी दिलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आज एखाद्याची नोकरी अडकली, आणि त्या तुकड्यावर पेनाने लिहिलेल्या चार ओळी सोडल्या तर काही नव्हतं.

पुढे जे व्हायचं तेच झालं. खरं तर एफबीआयने त्याच्याही आधी, मार्चमध्येच जाहीर इशारा दिला होता की सरकारी चिन्ह वापरून असली कार्डं बनवणं आणि विकत घेणं हा गुन्हा आहे. मे महिन्यात कॅलिफोर्नियात एका बारमालकाला २० डॉलरला एक अशी बनावट कार्डं विकल्याच्या आरोपावरून पकडलं. ऑगस्टमध्ये मेम्फिसच्या कस्टमवाल्यांनी सांगितलं की चीनच्या शेनझेनहून येणाऱ्या पाकिटांमधून त्यांनी ३,०००च्या वर खोटी कार्डं जप्त केली, त्यात स्पेलिंगच्या चुका आणि अर्धवट शब्द होते. हवाईला एक बाई कार्ड घेऊन उतरली, त्यावर लसीचं नाव "मॉडर्ना"च्या जागी "मडर्ना" छापाचं काहीतरी लिहिलेलं. हसू येतं, पण पकडले गेले ते स्पेलिंग चुकलेलेच, ज्यांनी नीट लिहिलं ते आरामात जेवून बाहेर पडले असणार.

मग लोक म्हणायला लागले की बघा, सीडीसीने पहिल्या दिवसापासून होलोग्राम टाकला असता तर. इथे जरा थांबू, कारण हे वाटतं तितकं खरं नाहीये.

छपाईतल्या सिक्युरिटीचे ढोबळमानाने तीन थर असतात. पहिला नुसत्या डोळ्याने दिसणारा, वॉटरमार्क, चमकणारी पट्टी, बोटाला जाणवणारी उठावदार छपाई. दुसरा काहीतरी साधन घेऊन दिसणारा, म्हणजे बँकेतला कॅशियर नोट निळ्या दिव्याखाली धरतो ते, किंवा भिंगाखालची बारीक अक्षरं. तिसरा फक्त लॅबमध्ये कळणारा. आता कार्ड तपासणारा कोण? हॉटेलच्या दारातला अठरा वर्षांचा पोरगा, मागे वीस माणसांची लाईन, एका कार्डाला तीन सेकंद. त्याच्यासाठी दुसरा-तिसरा थर असून नसल्यासारखा, आणि पहिल्या थरातली चमकी ऑनलाइन कुठेही छापून मिळते. नोटेचं जमतं कारण आपण रोज शंभरदा नोटा हाताळतो, बोटांना सवय असते, आयुष्यात दोनदा बघितलेलं कार्ड खरं कसं दिसतं ते कोणाला ठाऊक?

आणि समजा कागद अगदी अभेद्य केला, तरी कोरा कागद चोरता येतोच. शिकागोत एका फार्मासिस्टला पकडलं, आरोप असा की त्याने सव्वाशे कार्डं ऑनलाइन साधारण १० डॉलरला एक अशी विकली, आणि ती कार्डं अस्सल होती, सरकारी, त्याच्या दुकानात आलेली. त्यावर दहा होलोग्राम असते तर ते पण अस्सलच निघाले असते, वर भाव वाढला असता तो वेगळाच.

हे आपल्याला मराठी लोकांना तरी वेगळं सांगायला नको, आपण तेलगी बघितलाय. स्टॅम्प पेपरला काय कमी सिक्युरिटी होती, खास कागद, वॉटरमार्क, सरकारी प्रेस. अब्दुल करीम तेलगीने नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधली निकालात काढलेली यंत्रंच आतल्या माणसांना हाताशी धरून मिळवली आणि खऱ्यासारखेच खोटे स्टॅम्प पेपर देशभर विकले. २००१ला अटक, २००७ला शिक्षा, तोवर करोडोंचा धंदा होऊन गेला होता. आता स्टॅम्प ड्युटी ऑनलाइन भरली की पावतीवर नंबर येतो आणि तो सरकारी साइटवर टाकून तपासता येतो. कागद साधाच असतो, खरेपणा कागदात नाही तर नंबरच्या पलीकडच्या नोंदीत असतो. लसीच्या कार्डाचं उत्तर पण याच गल्लीतून जातं.

तो मार्ग म्हणजे क्यूआर कोडमधली डिजिटल सही. ही भानगड जरा नीट समजून घेऊ, कारण आपल्या कोविनच्या सर्टिफिकेटवर ती होती आणि निम्म्या लोकांना वाटायचं की तो चौकोन म्हणजे नुसती वेबसाइटची लिंक.

शिवकाळातली पत्रं बघितलीत तर वरच्या बाजूला मुद्रा असते, आणि मजकूर जिथे संपतो तिथे अगदी चिकटून दुसरा छोटा शिक्का, "मर्यादेयं विराजते". म्हणजे पत्राची हद्द इथे संपली, याच्या खाली कोणी काही लिहिलं तर ते आमचं नाही. याला म्हणायचे मोर्तब, शिक्कामोर्तब हा शब्द तिथूनच आला. आता आमच्या भाच्याचं कार्ड आठवा, खालची ओळ मोकळी, मोर्तबच नाही, म्हणून तर काकांना आयडिया सुचली!

डिजिटल सही म्हणजे असं मोर्तब जे नुसतं शेवटच्या ओळीला नाही तर मजकुराच्या प्रत्येक अक्षराला बांधलेलं असतं. नाव, तारीख, लस, हे सगळं एका गणितातून गाळून एक लांबलचक आकडा काढतात, एक अक्षर बदललं तरी आकडा पूर्ण बदलतो. त्या आकड्यावर सरकार आपल्या गुप्त किल्लीने सही करतं. ही किल्ली फक्त सरकारकडे. तिची जोडीची दुसरी किल्ली मात्र सगळ्यांना उघड वाटलेली, तिने सही करता येत नाही, फक्त तपासता येते. तपासणारा ॲपने कोड स्कॅन करतो, उघड किल्ली लावतो, जुळलं तर हिरवं, नाहीतर लाल. मजकुरात एक तारीख जरी फिरवली तरी लाल.

याची गंमत अशी की कागद कोणताही चालतो. घरच्या प्रिंटरवर छापा, झेरॉक्स काढा, वर चहा सांडू द्या, कोड वाचता आला की बस. झेरॉक्स म्हणजे बनावट नाहीच, कारण कागदाला किंमत नाही, किंमत सहीला. तुमची झेरॉक्स दुसऱ्याने वापरू नये म्हणून सोबत आधार किंवा पासपोर्ट बघायचा. युरोपने १ जुलै २०२१ पासून हेच केलं, मोबाईलवर दाखवा नाहीतर कागदावर, कोड एकच. अमेरिकेत पण पुढे कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी सहीवाले कोड दिले, पण तिथे लसीच्या नोंदी राज्याराज्यांच्या वेगळ्या आणि पूर्ण देशाची एक यादी नाही, त्यामुळे पांढरं कार्डच शेवटपर्यंत चालत राहिलं आणि २०२३ मध्ये सीडीसीने ते छापणंच बंद केलं.

कोविनचं सर्टिफिकेट या बाबतीत त्या पांढऱ्या कार्डापेक्षा कितीतरी पुढे होतं, हे मी मोदींच्या फोटोवरून झालेल्या वादात न पडता म्हणतोय. तरी २०२१च्या सप्टेंबरात ब्रिटनशी वाजलंच. पुण्यात सीरमने बनवलेली कोविशील्ड त्यांना मान्य, पण सर्टिफिकेट अमान्य. एक मुद्दा जन्मतारखेचा होता, आपल्या सर्टिफिकेटवर वय किंवा जन्माचं साल यायचं, पूर्ण जन्मतारीख नाही, मग परदेशी जाणाऱ्यांसाठी ती टाकायची सोय केली आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने मान्य केलं. एवढी भारी सही आणि अडलं कुठे तर जन्मतारखेच्या रकान्यात.

आणि सही भारी असली तरी स्कॅन कोण करतो? १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत दोन डोस झालेल्यांना लोकल सुरू झाली तेव्हा आठवतंय ना, स्टेशनवर पालिकेची माणसं टेबल टाकून बसलेली, सर्टिफिकेटची प्रिंट आणि ओळखपत्र बघायची आणि प्रिंटवर शिक्का मारून द्यायची, तो शिक्का दाखवून पास काढायचा. म्हणजे जगातल्या भारीतल्या डिजिटल सहीवर आपण वरून रबरी शिक्का मारला, शिक्क्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही हेच खरं.

आता मघाशी म्हटलं होतं ते, शाई खरी पण डोस शून्य. ३० मे २०२१ला मुंबईत कांदिवलीच्या एका मोठ्या सोसायटीत लसीकरणाचा कॅम्प झाला, ३९० जणांनी प्रत्येकी १,२६० रुपये देऊन डोस घेतले. फोटो काढू दिले नाहीत, नंतर कोणाला साधा ताप नाही की हात दुखला नाही, आणि सर्टिफिकेटं आली ती भलत्याच हॉस्पिटलांच्या नावाची, जिथे ही माणसं गेलीच नव्हती. लोकांना शंका आली, पोलिसात गेले, आणि मग कळलं की असे कॅम्प मुंबईत आणखी पण झालेत, राज्य सरकारने हायकोर्टात आकडा सांगितला २,०५३ लोकांचा. त्या लोकांची सर्टिफिकेटं अंगठ्याचं नख लावून कागद तपासणाऱ्याला काय, कोड स्कॅन करणाऱ्याला पण कळली नसती, कारण कागद खोटा नव्हताच, खोटी होती ती सुई.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला २०२२च्या जानेवारीत दोन नर्स पकडल्या, मोठ्यांना २२० डॉलर आणि मुलांना ८५ डॉलरला कार्ड, आणि नुसतं कार्ड नाही तर राज्याच्या कॉम्प्युटरमध्ये पण डोस दिल्याची नोंद. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार काही महिन्यांत १५ लाख डॉलरच्या वर कमाई. आणि युरोपात २०२१च्या ऑक्टोबरात चक्क ॲडॉल्फ हिटलरच्या नावाचं सर्टिफिकेट फिरत होतं, ॲपने स्कॅन केलं की हिरवं! सही खरी होती, कोणीतरी सही करणाऱ्या सिस्टीमपर्यंत पोचलं होतं. नंतर ती रद्द करावी लागली.

या तिन्ही प्रकारांत कागदाचा दोष शून्य. डिजिटल सही एवढंच सांगते की "अमक्याने असं म्हटलंय आणि नंतर त्यात कोणी हात घातला नाही". अमका खोटं बोलला असेल तर ती खोटं पण तितक्याच इमानदारीने जपते. म्हणून पैसे होलोग्रामवर घालवायचे की लस देणाऱ्याचं लॉगिन कोणाकडे आहे, आलेल्या कुप्या आणि नोंदवलेले डोस जुळतात का, हे बघण्यावर घालवायचे, असं मला कोणी विचारलं तर मी डोळे झाकून दुसरं सांगेन.

मग पक्क्या कागदाची गरज कुठेच नाही का? एक जागा आहे, सीमा. पिवळं पुस्तक ऐकलं असेल, यलो फीवरची लस घेतल्याचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट. केनियाला सफारीला किंवा नायजेरियाला नोकरीला जाणाऱ्यांना माहीत असतं, सरकारने ठरवून दिलेल्या सेंटरलाच घ्यावी लागते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं आणि २०१६च्या जुलैपासून ते जन्मभर चालतं, आधी दहा वर्षं चालायचं. भारत याबाबत फार कडक आहे आणि बरोबर आहे, कारण हा रोग पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघर, डेंग्यूवालाच तो, पण रोग अजून आलेला नाही. ज्या देशांत रोग आहे तिथून सर्टिफिकेटशिवाय आलात तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये बसवतात. २०१६ला अंगोलातून चीनमध्ये ११ जण हा ताप घेऊन परतले होते, म्हणजे भीती काल्पनिक नाही.

या पुस्तकाचे नियम वाचायला मजा येते. देणाऱ्याने स्वतःच्या हाताने सही करायची, सेंटरचा शिक्का पण हवा पण शिक्का सहीच्या जागी चालणार नाही, इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये भरायचं, खाडाखोड केली किंवा एखादा रकाना सोडला तर बाद होऊ शकतं. मुलाला वेगळं सर्टिफिकेट, सही येत नसेल तर आईबापांची. म्हणजे कागदी जमान्यातली सगळी अक्कल एकत्र केलीय. पण सही खरी डॉक्टरची आहे की नाही हे विमानतळावरच्या माणसाला कळणार कसं? २०१२च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेने जोहान्सबर्गला १२५ नायजेरियन लोकांना पिवळी कार्डं खोटी असल्याच्या संशयावरून परत पाठवलं, नायजेरियाने पण मग त्यांच्या लोकांना परत पाठवायला सुरुवात केली, शेवटी दक्षिण आफ्रिकेला माफी मागावी लागली. एका शिक्क्यावरून दोन देश भांडले. नायजेरियाने पुढे २०१९ मध्ये स्कॅन करून तपासता येणारं नवीन पिवळं कार्ड आणलं. इथे मात्र मी म्हणेन, हो, हवंच, कारण हा कागद जन्मला तेव्हापासून पासच आहे.

अजून एक छोटी गोष्ट, सिक्युरिटीच्या नादात आपण कार्डाचं काय करतो ती. लॅमिनेशन! अमेरिकेत २०२१ला स्टेपल्ससारख्या स्टेशनरीवाल्यांनी पांढरी कार्डं फुकट लॅमिनेट करून दिली, लोक खूश, मग बूस्टर आला आणि लिहायला जागाच नाही, प्लॅस्टिकवर पेन चालेना. आपल्याकडे पण बाळाचं कार्ड लॅमिनेट करून आणणाऱ्या आया असतात, नर्सताई कपाळावर हात मारतात. एवढं मात्र करा, कार्डाचा मोबाईलवर फोटो काढा आणि घरातल्या दोघांना पाठवून ठेवा. आता यू-विनवर मुलांच्या सरकारी लसीकरणाच्या नोंदी डिजिटल होतायत, पण वीस वर्षांनी तो मोबाईल नंबर कोणाकडे असेल काय माहीत, कागद राहू द्या.

भाच्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्याच्या कार्डावर नवव्या महिन्याची गोवराची लस होती आणि पंधराव्या महिन्याचा एमएमआर. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत, त्यामुळे नवव्या महिन्याचा बाद आणि एमएमआर एकच. २०१८च्या शेवटी महाराष्ट्रात शाळाशाळांत गोवर-रुबेलाची मोहीम झाली ती पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, हा सोळा वर्षांचा, थोडक्यात हुकली. काकांची तारीख टाकली असती तर फॉर्म पास झाला असता, आणि हॉस्टेलमध्ये गोवर आला असता तर युनिव्हर्सिटीच्या यादीत हा सुरक्षित म्हणून राहिला असता. दुसरा मार्ग रक्त तपासून अँटिबॉडी दाखवायचा, तो पण चालतो, पण त्याचा खर्च एका डोसपेक्षा जास्त.

शेवटी ताई त्याला घेऊन कॉलनीतल्या मुलांच्या डॉक्टरांकडे गेली, दाढीवाला पोरगा, आजूबाजूला रडणारी बाळं, भिंतीवर छोटा भीम. डॉक्टरांनी दंडात डोस दिला, फॉर्मवर सही-शिक्का केला, मग म्हणाले जुनं कार्ड आणलंय का, आणि त्या फाटक्या कार्डावर काकांनी दाखवलेल्या त्याच मोकळ्या ओळीत तारीख लिहिली.